येते-जाते वीज: जुन्या स्पोर्ट्स कारमधला लपणारा दोष

१. गॅरेजमध्ये गाडी ठणठणीत कशी?

"रस्त्यात बंद पडते, आणि गॅरेजला नेली की पहिल्या सेल्फला सुरू होते. मेकॅनिक म्हणतो, काहीच झालेलं नाही. मग नेमकं होतं तरी काय?" जुनी गाडी हौसेने सांभाळणारा प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतो. त्यात मेकॅनिकवरचा अविश्वास असतो, गाडीबद्दलची काळजी असते आणि पुढच्या खर्चाची धास्तीही असते.

कायमचा बिघाड सापडायला सोपा. तुटलेली वायर तुटलेलीच राहते. वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन बॅटरीपासून पुढे सरकत जातो आणि जिथे दिवा लागत नाही तिथे थांबतो. अधूनमधून येणारा दोष असा जागेवर थांबत नाही. इंजिन तापलेलं असताना, गाडी खड्ड्यात आदळताना, पावसात किंवा सगळे दिवे लावलेले असताना तो उगवतो. गाडी टो करून गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन निवलेलं असतं, पाऊस थांबलेला असतो, हादरे संपलेले असतात आणि दिवे, वायपर, पंखा सगळं बंद असतं. म्हणजे दोषाला जे जे लागतं ते सगळं काढून घेतल्यावर आपण त्याला शोधायला बसतो. मेकॅनिक खोटं बोलत नाही. त्याच्यासमोर त्या क्षणी दोष खरोखरच नसतो.

मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. आधी बॅटरी, मग कॉइल, मग सेन्सर. सगळं नवं झालं तरी गाडी पुन्हा घाटात थांबतेच. माझं मत असं, की जुन्या गाडीत पार्ट बदलण्याआधी दोष कोणत्या परिस्थितीत येतो ते शोधण्यात वेळ घालवावा. तो वेळ पुढे पैशांसकट वसूल होतो.

२. फायबरची गाडी आणि परतीचा रस्ता

मराठी मुलखाच्या शेजारी, गोव्यात, एक स्पोर्ट्स कार बनत होती हे आज अनेकांच्या लक्षातही नाही. सॅन कंपनीची स्टॉर्म १९९८ च्या सुमारास बाजारात आली. दोनच सीट, लहानखुरा बांधा, आत रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी. फार थोड्या गाड्या विकल्या गेल्या. ज्या उरल्या आहेत त्यांचं वय आता पंचविशीच्या आसपास आहे. पुढे दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने अवंती आणली, ती २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लोकांनी प्रथम पाहिली. तिचीही बॉडी लोखंडी पत्र्याची नव्हती.

विजेच्या दृष्टीने ही बॉडी फार महत्त्वाची. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलमधून निघालेली वीज दिव्यातून गेली म्हणजे काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण तिला निगेटिव्ह टर्मिनलपर्यंत परत यावं लागतं. तो फेरा पूर्ण झाला तरच दिवा लागतो. नेहमीच्या गाडीत परतीचं काम पत्र्याची बॉडी करते. दिव्याची एक छोटी काळी वायर जवळच्या पत्र्याला स्क्रूने आवळतात आणि तिथून पुढे सगळी बॉडीच वायर होते. यालाच वायरमन 'बॉडी अर्थ' म्हणतात.

फायबर गंजत नाही, पण वीजही वाहून नेत नाही. म्हणून अशा गाडीत प्रत्येक दिव्याची, मोटरची, पंपाची परतीची वायर वेगळी ओढून खालच्या लोखंडी चॅसिसपर्यंत आणावी लागते. बऱ्याचदा पाच-सात वायरी एकाच बोल्टखाली एकत्र येतात. तो बोल्ट चाकांजवळ, चिखलपाण्याच्या माऱ्यात असतो. तो सैल झाला की एकमेकांशी काही संबंध नसलेल्या गोष्टी एकाच वेळी बिघडतात.

याची एक खूण कुणालाही घरच्या घरी पाहता येते. रात्री पार्किंग लाइट बंद ठेवून ब्रेक दाबा आणि डॅशबोर्डकडे बघा. मीटरचे दिवे मंद उजळले, तर मागच्या दिव्याचा अर्थ गेलेला असण्याची दाट शक्यता. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या विजेला अर्थ सापडत नाही. त्याच बल्बमधल्या टेललाइटच्या फिलामेंटमधून ती उलटी शिरते, टेललाइटच्या वायरीने पुढे डॅशबोर्डपर्यंत येते आणि मीटरच्या दिव्यांतून अर्थ गाठते. दोष मागच्या बंपरजवळ, लक्षण स्टिअरिंगसमोर. हे ठाऊक नसलेला माणूस मीटर उघडून बसतो.

(मुंबई-पुण्यातल्या हौशी लोकांकडे ब्रिटिश एमजी, ट्रायम्फ अशा त्याहून जुन्या गाड्याही आहेत. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेलं असे. अशा गाडीला हात लावण्याआधी कोणतं टर्मिनल अर्थला आहे ते बघा. आजच्या सवयीने रेडिओ किंवा चार्जर उलटा जोडला तर तो जळतो.)

३. काटा पूर्ण दाब दाखवतो, तरी पाणी येत नाही

पुढचं सगळं एका कल्पनेवर उभं आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ. नारायणगाव, जुन्नर, मंचर या पट्ट्यात ठिबक सिंचन घरोघरी आहे. मोटर चालू आहे, सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत आणि फिल्टरची जाळी गाळाने अर्धी चोंदली आहे असं धरा. फिल्टरच्या पुढे दाबमापक लावला तर काटा पूर्ण दाब दाखवील, कारण पाणी वाहतच नाही. आता व्हॉल्व्ह उघडा. पाणी वाहू लागताच काटा खाली येतो आणि टोमॅटोच्या शेवटच्या ओळीला थेंब थेंब पाणी मिळतं. जाळी आधीही चोंदलेली होती, पण ते कळलं पाणी वाहिल्यावर.

गाडीत व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह आणि ओहम म्हणजे अडथळा. गंजलेला सांधा ही ती चोंदलेली जाळी. दिवा बंद असताना मल्टिमीटर लावला तर तो १२.६ व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो, सप्लाय तर बरोबर येतोय. दिवा लावून मोजलं तरच खरं कळतं.

हिशेब करून पाहू. हेडलाइटचा बल्ब ६० वॉटचा. १२ व्होल्टला तो सुमारे ५ अँपिअर घेतो, दोन्ही मिळून १०. दोघांच्या सामाईक अर्थच्या सांध्यात फक्त ०.२ ओहमचा अडथळा आला असं समजा. १० गुणिले ०.२ म्हणजे २ व्होल्ट त्या सांध्यातच खर्च झाले. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट असतील तर बल्बला १२ मिळतात. दाब १४ टक्के कमी झाला, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड दाबापेक्षा कितीतरी वेगाने घटतो. तो जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होतो. आणि तिथे खर्च झालेले २ व्होल्ट गुणिले १० अँपिअर, म्हणजे २० वॉट, त्या सांध्यालाच तापवतात. तापून तो आणखी गंजतो, अडथळा वाढतो आणि तो अजून तापतो.

मग मल्टिमीटर ओहमवर लावून हा ०.२ ओहम का सापडत नाही? कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींतच तेवढा अडथळा असतो. सेल्फच्या जाड केबलीत तर प्रश्न अजून बारीक. सेल्फ मारताना १५० अँपिअर वाहत असतील तर ०.०१ ओहमसुद्धा दीड व्होल्ट खातो, आणि ०.०१ ओहम घरातला मीटर ओळखूच शकत नाही.

म्हणून अडथळा मोजू नका, त्यात खर्च होणारे व्होल्ट मोजा. हेडलाइट लावा. मीटर २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल पिन बल्बच्या अर्थच्या पिनेवर. सांधे चांगले असतील तर ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी आकडा येईल. अर्धा व्होल्ट आला तर त्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. मग लाल पिन एकेक सांधा मागे आणत जा. ज्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम पडतो, तो गुन्हेगार. सेल्फच्या केबलीत मात्र अर्ध्या व्होल्टपर्यंत घट चालते. त्याहून जास्त नको.

४. थिंबलच्या आत काय झालेलं असतं

दोष एकदा जवळून बघितला की पुढे ओळखायला सोपा जातो. चॅसिसचा अर्थ बोल्ट दहा नंबरच्या पान्याने सोडवा. वरून थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं जोडटोक, स्वच्छ दिसतं, बोल्टचं डोकंही चकचकीत असतं. थिंबल उलटं करा. ज्या बाजूने ते लोखंडाला टेकतं तिथे तपकिरी गंजाचं कडं असतं आणि मध्ये जेमतेम एक-दोन ठिपके चमकतात. सगळी वीज त्या ठिपक्यांतून जात होती. चॅसिसच्या बाजूला कधी कधी रंगाचा थरही सापडतो. कुणीतरी हौसेने चॅसिस रंगवताना सांध्यावरही ब्रश फिरवलेला असतो.

आता थिंबलच्या मागची वायर हातात घेऊन हलकेच वाकवा. चांगली वायर वाकते आणि सोडली की थोडी सरळ होते. आतून गेलेली वायर एका जागी कडक लागते किंवा अगदीच ढिली पडते. तिथलं आवरण ब्लेडने उघडलं की हिरवट काळी भुकटी निघते. पाणी थिंबलच्या बाजूने आत शिरतं आणि तारांमधल्या बारीक फटींतून चढत वायरीत बरंच आत जातं. म्हणून नुसतं टोक कापून नवं थिंबल लावणं पुरेसं नसतं. लालसर, चमकदार तांबं दिसेपर्यंत कापत जावं लागतं.

कनेक्टरच्या आतली कथा वेगळी. तिथल्या पिनांवर कथलाचा मुलामा असतो. इंजिनच्या थरथरीने दोन पिना एकमेकींवर केसभर घासत राहतात. प्रत्येक घासण्यात थोडं कथील सोललं जातं, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि त्याची कठीण, वीजरोधक भुकटी बरोबर टेकण्याच्या जागी साचते. वर्षानुवर्षांनी पिन बाहेरून चांगली आणि आतून बंद, अशी अवस्था येते.

आता मेकॅनिकने कनेक्टर काढून परत बसवला तर काय होईल? पिना एकमेकींवर सरकतील, भुकटी पुसली जाईल आणि गाडी सुरू होईल. त्याने मध्ये नवा सेन्सरही बसवला असेल तर श्रेय सेन्सरला जाईल. दोन-तीन महिन्यांनी भुकटी पुन्हा साचते, गाडी पुन्हा थांबते आणि आपण म्हणतो, डुप्लिकेट पार्ट मिळाला. जुन्या गाड्यांच्या मालकांचा सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो असं मला वाटतं. यावर एकच खात्रीची परीक्षा आहे: नव्या पार्टने गाडी बरी झाली की जुना पार्ट परत लावून बघा. जुन्यावरही ती नीट चालली, तर दोष कनेक्टरमध्ये होता. नवा पार्ट परत करा आणि कनेक्टर दुरुस्त करा.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक कारण असतं, उंदीर. महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी असलेली गाडी त्यांना निवांत जागा वाटते. ते वायरीचं आवरण कुरतडतात. तांबं बहुतेक वेळा शाबूत राहतं. कोरड्या हवेत सगळं नीट चालतं, ओल आली की शेजारच्या वायरीशी किंवा चॅसिसशी शॉर्ट होतं. वायरिंगवर लेंड्या किंवा प्लास्टिकचा चुरा दिसला तर तिथली टेप पूर्ण सोडून बघा.

५. कुठे, यापेक्षा कधी

डॉक्टर ताप कधी चढतो, किती वेळ राहतो, असं विचारतात. गाडीचंही तसंच विचारायचं. परिस्थिती चारच: उष्णता, हादरा, ओल आणि भार. पुण्याहून माळशेजला जाणारा रस्ता या चारही गोष्टी ओळीने पुरवतो. पावसाळ्यात हौशी लोक गाडी काढतात ती बहुतेक याच दिशेला, म्हणून हाच रस्ता उदाहरणाला घेऊ.

पुणे-नाशिक महामार्गावर चाकण आणि राजगुरुनगरच्या गर्दीत गाडी संथ सरकते. समोरून वारा नाही, रेडिएटरचा पंखा सारखा सुरू, बॉनेटखाली भट्टी. इथे बंद पडणारी आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप सुरू होणारी गाडी उष्णतेकडे बोट दाखवते. तांब्याचा अडथळा तापल्यावर वाढतो, पण फार नाही. ६० अंशांनी तापमान चढलं तर सुमारे पाव पटीने. निरोगी वायरीला त्याने काही होत नाही. खरा घात करते ती फुगण्यातली तफावत. १० सेंटिमीटरची तांब्याची पट्टी ६० अंशांच्या फरकाने ०.१ मिलिमीटर वाढते, तर कनेक्टरसाठी वापरतात तसलं नायलॉन जवळपास ०.५ मिलिमीटर वाढतं. दोन्ही एकमेकांत घट्ट बसवलेले. डागाच्या (सोल्डरच्या) सांध्याला पडलेली चीर याच्या कितीतरी पट बारीक असते. थंडीत ती मिटलेली राहते, तापल्यावर उघडते. इग्निशन कॉइल, रिले आणि इंजिनाची फिरण्याची जागा सांगणारा क्रँक सेन्सर हे अशा चिरेचे नेहमीचे बळी.

मंचरला डावीकडे वळून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरकडे निघालात तर वळणं आणि खड्डे सुरू होतात. गतिरोधकावर आदळल्यावर क्षणभर झटका बसला, हॉर्न आपोआप वाजला, एका बाजूचे दिवे लुकलुकले, तर हादरा. वळण डावीकडचं की उजवीकडचं हेसुद्धा लिहून ठेवा. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं आणि त्याच्यासोबत वायरिंग ताणलं जातं. एकाच बाजूच्या वळणावर दोष येत असेल तर कुठली वायर ताणली जाते ते बघणं सोपं जातं.

सरळ पुढे गेलात तर नारायणगाव, आळेफाटा आणि तिथून डावीकडे कल्याणच्या रस्त्याला ओतूर, मढ. बेल्हे-आळेफाट्याकडे पाऊस बेताचा, पण पश्चिमेला सरकलात तसा तो झपाट्याने वाढतो, आणि माळशेजच्या माथ्यावर ढगच रस्त्यावर उतरतात. इथे ओल असते, पण नुसती ओल नसते. धुक्यासाठी हेडलाइट, समोरच्या काचेसाठी वायपर, आतल्या वाफेसाठी ब्लोअर आणि सांडव्यासारखं पाणी पडणाऱ्या धबधब्यांसमोर सुट्टीच्या दिवशी लागलेली गाड्यांची रांग. पुन्हा बेरीज करू: हेडलाइट १०, बाकी दिवे २, वायपर ५, ब्लोअर १०, रेडिएटर पंखा १०, पेट्रोल पंप ५, इग्निशन आणि इंजेक्शन ५. एकूण ४७ अँपिअर. इंजिन मंद फिरत असताना जुना अल्टरनेटर, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये अजून डायनमोच म्हणतात, तेवढे देऊ शकत नाही. उरलेले बॅटरी देते, व्होल्ट हळूहळू उतरतात आणि ज्या सांध्यात आधीच दीड-दोन व्होल्ट खर्च होत होते तो आता इंजिन बंद पाडतो.

म्हणून घाटात बंद पडली की "पाण्याने शॉर्ट झालं" असं लगेच धरून चालू नका. ब्लोअर आणि हेडलाइट बंद करून सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर शंका भाराची. तशीच उभी राहिली, पण ऊन पडून इंजिनबे वाळल्यावर सुरू झाली, तर ओलीची.

६. बंद पडतानाचे पहिले काही सेकंद

सगळ्यात मोलाची माहिती गाडी थांबल्यावर मिळत नाही, थांबत असताना मिळते. गिअरमध्ये गाडी चालू असताना इंजिन गेलं तर चाकं इंजिनाला अजून फिरवत असतात. त्याच क्षणी आरपीएमच्या काट्याकडे बघा. हा काटा इग्निशनच्या ठिणग्यांवरून चालत असेल, आणि जुन्या पेट्रोल गाड्यांत बहुधा तसंच असतं, तर तो एकदम शून्यावर पडला म्हणजे ठिणगी गेली: कॉइलचा सप्लाय, क्रँक सेन्सर किंवा मधली वायर. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला आणि इंजिन धक्के खात मेलं, तर ठिणगी आहे, पेट्रोल नाही. डॅशबोर्डचे सगळे दिवे एकदम गेले तर दोष त्याहून मागे, किल्लीच्या स्विचमध्ये किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर.

काट्यावर भागत नसेल तर दोन छोटे १२ व्होल्टचे दिवे घ्या. एक पेट्रोल पंपाच्या सप्लायला जोडा, दुसरा कॉइलच्या सप्लायला. दोन्हींची दुसरी टोकं अर्थला. दिवे डॅशबोर्डवर टेपने चिकटवा आणि नेहमीसारखी गाडी वापरा. प्रत्येक जोडणीत लहान फ्यूज मात्र हवाच, नाहीतर शोधायला गेलो एक दोष आणि तयार केला दुसरा, असं होईल. ज्या दिवशी गाडी बंद पडेल त्या दिवशी आधी कोणता दिवा गेला ते सांगायला कुणाची गरज लागणार नाही. एक सावधगिरी: इंजेक्शनच्या गाडीत इंजिन फिरायचं थांबलं की कंट्रोल युनिट दोन-एक सेकंदांत पंप स्वतःच बंद करतं. इंजिन मेल्यानंतर पंपाचा दिवा गेला तर तो परिणाम आहे, कारण नाही. क्रम महत्त्वाचा.

७. दोष घरी बोलावणं

परिस्थिती कळली की ती घरी, दारात, जशीच्या तशी निर्माण करायची. उष्णतेची शंका असेल तर इंजिन निवलेलं असताना संशयित सेन्सरवर केस वाळवायचा ड्रायर धरा. तेवढाच एक भाग तापवा आणि इंजिन बंद पडतं का बघा. ओलीची शंका असेल तर फवाऱ्याच्या बाटलीने एकेका भागावर पाणी मारा. हादऱ्याची असेल तर इंजिन चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने कनेक्टरवर हलकेच ठोका, वायरिंग बोटांनी हलवा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवा, इग्निशनच्या जाड वायरी चालू इंजिनावर हाताळू नका. एका वेळी एकच गोष्ट, एकच जागा. घाईने सगळं एकदम हलवलं तर गाडी सुरू होते, पण कशामुळे ते कळत नाही, आणि तो दिवस फुकट जातो.

फ्यूज अधूनमधून उडत असेल तर दर वेळी नवा घालत बसू नका. फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. शॉर्ट झालं की बल्ब लख्ख पेटतो, पण प्रवाह दोन अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे वायर जळत नाही. आता वायरिंग जिथे जिथे पत्र्याच्या कडेवरून किंवा दाराच्या बिजागरीतून जातं तिथे तिथे हलवा. ज्या जागी बल्बचा उजेड बदलतो तिथली टेप सोडा.

८. खोडदची दुर्बीण आणि खिशातला रेडिओ

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या. दूरच्या आकाशगंगांकडून येणारा अतिक्षीण रेडिओ संदेश ती टिपते. तिच्या शास्त्रज्ञांना ज्या गोष्टींशी झगडावं लागतं, त्यातली एक म्हणजे विजेच्या तारांवरच्या ढिल्या सांध्यांतली ठिणगी. ठिणगी म्हणजे प्रवाहाचं अचानक तुटणं-जुळणं, आणि अशा प्रत्येक धक्क्यातून रेडिओ लहरी सगळीकडे फेकल्या जातात. पेट्रोल इंजिनाचा प्लगही हेच करतो.

ही गोष्ट आपल्याला दारात उपयोगी पडते. सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या शांत जागी लावा. इंजिन बंद, किल्ली चालू, ज्या सर्किटवर शंका आहे ते चालू. रेडिओ वायरिंगच्या बाजूने फिरवा आणि वायर हलवत जा. सांध्यात ठिणगी पडत असेल तर करकर ऐकू येते, आणि जवळ गेलात की वाढते. डॅशबोर्डच्या मागे, जिथे डोळा पोचत नाही, तिथे ही युक्ती विशेष कामाची. मोटरी मात्र नीट असतानाही करकरतात, त्यामुळे ब्लोअर आणि वायपर आधी बंद करा.

९. रात्रीत उतरणारी बॅटरी

हे प्रकरण थोडक्यात. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, कंट्रोल युनिटची स्मृती यांना मिळून ०.०४ अँपिअरच्या आसपास लागतात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्यावर कागदोपत्री ३६ दिवस टिकेल. जुनी बॅटरी निम्म्यातच सेल्फ फिरवेनाशी होते. महिन्यातून एकदा निघणाऱ्या हौसेच्या गाडीत म्हणूनच दोष नसतानाही बॅटरी उतरते. पण डिकीतला ५ वॉटचा दिवा पेटताच राहिला तर ०.४ अँपिअर जातात आणि दोन रात्रींत सेल्फ नुसता टक्‌ करतो.

शोधायला फ्यूज काढू नका. काढला-घातला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि आकडा बदलतो. दारं बंद करून अर्धा तास थांबा, मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर टेकवा. ज्या फ्यूजवर शून्याऐवजी आकडा दिसतो, त्यातून वीज चालली आहे.

१०. सापडल्यावर काय करायचं

अर्थचा सांधा पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी चकचकीत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मगच वरून व्हॅसलीन लावा. फायबरच्या गाडीत मी आणखी एक सुचवीन: पुढच्या दिव्यांपासून, मागच्या दिव्यांपासून आणि इंजिनापासून एकेक जाड नवी अर्थ वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओढावी. खर्च काहीशे रुपयांचा, आणि अर्थबद्दलची निम्मी शंका मिटते. हेडलाइटला रिले नसेल तर बसवा. जुन्या स्विचमधून १० अँपिअर नेणं हा त्या स्विचवर अन्याय आहे. हादऱ्याच्या जागी वायर नुसती पिळून टेप मारू नका. योग्य पक्कडीने दाबलेलं थिंबल किंवा स्लीव्ह लावा आणि वायर जवळच आधाराला बांधा. नुसता डाग दिलेली वायर डाग संपतो तिथे कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते.

एक गोष्ट कधीच करू नका. १० अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून २० चा घालू नका, तार तर नकोच. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की वायरच फ्यूज होते, आणि फायबरच्या बॉडीखाली, पेट्रोलच्या नळीशेजारी ती जळते. फायबर पेट घेतं. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं अर्थला जोडलेलं टर्मिनल, म्हणजे बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह, पहिल्यांदा सोडा आणि शेवटी लावा. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर विजेचं काम बाजूला ठेवून आधी गळती बंद करा.

दुरुस्तीनंतर तेच मोजमाप पुन्हा घ्या, त्याच भारावर: हेडलाइटच्या अर्थवर किती व्होल्ट, सेल्फ मारताना केबलीवर किती, पंप चालू असताना त्याच्या दोन टोकांवर किती. आकडे तारखेसह एका कागदावर लिहून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वर्षी मृगाच्या आधी तेच आकडे पुन्हा घेतलेत आणि कुठे ०.०८ चे ०.३ झालेले दिसले, तर तो सांधा माळशेजला निघण्याआधीच उघडता येईल.